रजेचं कारण

नोटांना वास असतो, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.
मोसमात बांगड्याचा,
मे महिन्यात काजूच्या तेलाचा,
आणि ट्रॉलरवाल्यांच्या पाचशेच्या नोटेला बर्फाचा.
बर्फाला वास नसतो म्हणतात. असतो.

अकरा वर्षं सर्जेकोटच्या शाखेत रोखपाल आहे मी.
वास कधी गेला, त्याची तारीख माझ्याकडे नाही.
एरवी मी तारखेला चुकत नाही.

आधी वाटलं, सर्दी.
मग एका संध्याकाळी घराच्या दाराला तिजोरीची किल्ली लावली,
दोनदा,
आणि तिसऱ्यांदा दारावरच खेकसले.

मग कमळाकर तांडेल आले.
त्यांचा मुलगा गेल्याला नऊ दिवस झाले होते.
मी वारसाचा फॉर्म सरकवला, फुल्या मारल्या,
म्हटलं, इथे, इथे आणि इथे.
तिसऱ्या सहीच्या शेपटावर पाणी पडलं.
माझ्या मनात आलं ते एवढंच, की
शाई पसरली, आता नवा फॉर्म काढावा लागणार.

त्या रात्री जुई ताट घेऊन समोर उभी राहिली, भात वाढ म्हणून.
मान वर न करता मी म्हणाले,
"पुढचा."
ती हसली. तिला वाटलं, खेळ आहे.
मागे गेली, आणि पुन्हा रांगेत उभी राहिली,
एकटीच.

रक्त तपासून झालं. साखर ठीक, थायरॉईड ठीक.
डॉक्टरांनी विचारलं, झोप लागते का?
लागते, म्हटलं. पण उठल्यावर
झोपायच्या आधी होते, तिथेच असते मी.

जेटीच्या पलीकडे माडाच्या ओंडक्यांवर
एक होडी कलती करून ठेवली होती.
आबू मेस्त तिच्या पोटाखाली बसून कालवं खरवडत होता.
काय झालं हिला, मी विचारलं.
"ह्येका काय होताला? खूप दिस पाण्यात रवली, इतक्याच.
लाकूड जड झाला. सुकांदे आधी. मगे बघूया."
कधी होईल?
"ता ह्येका ठावक."
आणि होडीलाच एक चापट मारली.
तो मला काही शिकवत नव्हता.
त्याला काडेपेटी हवी होती, ती माझ्याकडे नव्हती.
तरी मी तिथे पाऊण तास उभी होते,
चपलेत वाळू, पर्समध्ये दोन मिस्ड कॉल.

नाबर साहेब म्हणाले, कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहा, चालतं.
लिहिलं. खोडलं.
'प्रकृती' लिहिलं, तर दाखला लागणार.
मग लिहिलं, 'दमले आहे.'
रकाना एवढासा, तरी निम्मा उरला.
साहेबांनी वाचलं. म्हणाले, असं लिहीत नाहीत, मॅडम.
मग बराच वेळ स्टॅम्पपॅडचं झाकण उघडत-मिटत राहिले,
आणि सही करता करता, कागदाकडेच बघत,
"मी सहा वर्षं लिहिलेलं नाही."

चौदा दिवसांपैकी चार नुसते झोपण्यात गेले.
पाचव्या दिवशी रडू आलं, पोळपाट धुताना,
तांडेलांच्या तिसऱ्या सहीसाठी.
उशिरा आलं. पण आलं.
आठव्या दिवशी त्यांच्या अंगणात जाऊन बसले.
बोललो दोघंही थोडंच. त्यांनी कोकम सरबत दिलं, मीठ जास्त पडलेलं.

बोटं अजून मोजतात. जिन्याच्या पायऱ्या, भाकऱ्या,
जुईच्या वेणीचे पेड, तीनच असतात तरी.
दुसऱ्या काउंटरला माणूस द्या, म्हणून लेखी मागितलंय.
उत्तर नाही. सोमवारी पुन्हा मागेन, पोच घेऊन.

आज बाजारात कोळणीने सुटे परत दिले,
दहाच्या तीन ओल्या नोटा.
मी त्या मोजल्या नाहीत.
नाकाशी धरल्या.
ती म्हणाली, "काय गो, खोटे आसत काय?"